आये, कॅमेऱ्यावरचा टॉवेल काढ

कर्ता मुलगा मुंबईला आणि गावच्या घरात एकटी आई, हा महाड-पोलादपूरकडचा जुना हिशेब आहे. मुलगा गणपतीला येतो, शिमग्याला येतो, जाताना तांदूळ घेऊन जातो. हल्ली येताना तो पिशवीतून एक पांढरा गोळाही आणतो. हा गोळा पडवीच्या वाशाला ठोकला आणि त्यात सिमकार्ड घातलं, की तो मान फिरवून बघायला लागतो. अंधारातही बघतो. आणि मुख्य म्हणजे बोलतो. मुलगा सांगतो, "आये, आता तू एकटी नाय हां." आई एकटी कधीच नव्हती. तिच्या चुलीवर काय रटरटतंय हे शेजारच्या चार घरांना वासावरून कळतं. तिची तक्रार होती ती हीच.

मग एका दुपारी वाशावरून आवाज येतो, "आये, वालावर कोंबडी आलीय!" पहिल्या वेळी आई कोंबडीकडे बघतसुद्धा नाही. मीठ-मिरच्या घेऊन ती आधी वाशाचीच दृष्ट काढते. दुसऱ्या वेळी ती वाशाला उलट उत्तर देते. आणि थोड्याच दिवसांत लोअर परळच्या ऑफिसातल्या मोबाइलवर नुसता काळोख दिसू लागतो.

"आये, कॅमेऱ्यावरचा टॉवेल काढ."

"वाळत घातलाय."

"वाशावर?"

"भायेर पाऊस हाय."

या उत्तरावर कोकणात जून ते ऑक्टोबर अपील नाही.

पोलीस खात्याचं सध्या या मुलासारखं झालं आहे. काळजी खरी आहे, जीव तुटतो तोही खरा, पण प्रत्यक्ष येणं काही जमत नाही. सह्याद्रीच्या कुशीत विखुरलेल्या वाड्या. एका बीट अंमलदाराच्या वाट्याला त्या इतक्या येतात, की प्रत्येक वाडीत अर्धा कप चहा घ्यायचा म्हटला तरी माणूस पित्ताने आडवा होईल. तेव्हा वाशाला गोळा.

मुंबईत हे काम दणक्यात झालं. २००८च्या नोव्हेंबरातल्या हल्ल्यानंतर राम प्रधान समितीने कॅमेऱ्यांची शिफारस केली आणि शासनाने ती इतक्या गांभीर्याने घेतली, की जाळं उभं राहायला २०१६ उजाडलं. पाच हजारांच्या घरात कॅमेरे लागले. पुण्यात त्याच्या आधीच लागले होते. पुणेकर कुठल्याही बाबतीत मुंबईची वाट बघत नाहीत. मग नागपूरचा नंबर. २०२४ मध्ये शासनाने पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची एक स्वतंत्र कंपनीच काढली, तिचं नाव मार्व्हल. लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून ते तयार झालंय. पण पोलादी चिलखत घालून उडणारे सिनेमातले वीर आठवल्याशिवाय राहत नाहीत. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रोसॉफ्टच्या मदतीने बनवलेली महाक्राइमओएस नावाची तपासप्रणाली नागपुरातल्या २३ ठाण्यांतून राज्यातल्या १,१०० ठाण्यांत नेण्याची घोषणा झाली.

म्हणजे एक दिवस ती आमच्याकडेही येणार. तक्रार वाचून ती तपासाची दिशा सुचवते म्हणतात. मला त्या दिवसाची फार उत्सुकता आहे. आमच्याकडची तक्रार साधारण अशी असते: "ह्यो माज्या बांधावरनं गेला आन् माज्याकडं बगून खाकारला." यंत्र बिचारं खोकल्याचं प्रकरण आरोग्य विभागाकडे पाठवील. हे खाकारणं आजोबांच्या वेळच्या फणसाच्या झाडाचं आहे, फणस ज्याच्या अंगणात पडायचे त्याने मूळ मालकाला गरे पाठवणं बंद केलं तेव्हापासूनचं आहे, आणि खाकारणाऱ्याची बहीण ज्याच्याकडे बघून खाकारलं त्याच्याच चुलत्याला दिलेली आहे, हे सगळं बीट अंमलदाराला माहीत असतं. म्हणून तो दोघांनाही एकाच बाकावर बसवतो आणि तासभर त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. तासाभराने ते दोघे एकमेकांना तंबाखू मळून देत असतात. ही तपासपद्धती अजून कुठल्या कंपनीने विकत घेतलेली नाही.

तालुक्याच्या गावात पोलिसांची खरी भिस्त असते ती दुकानदारांच्या कॅमेऱ्यांवर. म्हणून शांतता समितीची बैठक गणपतीची असो की ईदची, शेवटी साहेबांची एक विनंती ठरलेली: शेठ लोकांनो, एक कॅमेरा रस्त्याकडे वळवा. शेठ लोक माना डोलावतात, वडा खातात, घरी जातात. कॅमेरा गल्ल्याकडेच राहतो. शेठला चोराची धास्ती नसते. चोर वर्षातून एकदा येतो, नोकर रोज येतो.

एवढं करूनही एखादी मोटारसायकल जाते आणि हवालदार दुकानाच्या पायऱ्या चढतो. "शेठ, फुटेज दाखवा." रेकॉर्डिंगचं यंत्र देवाच्या फळीवर, लक्ष्मीच्या तसबिरीमागे. त्यावर उदबत्तीची राख. माउस मुलाने कॉम्प्युटरला लावायला नेलेला. पासवर्ड ज्या पोराने कॅमेरे बसवले त्याला ठाऊक, आणि तो पोरगा आता दुबईला. दुबईला फोन लागतो, पासवर्ड निघतो (तो एक-दोन-तीन-चार असाच असतो), पडदा उजळतो आणि कळतं की यंत्राचं घड्याळ मागे पडलंय. यंत्राच्या हिशेबाने चोरी व्हायला अजून साडेतीन तास आहेत. पोलीस घटनास्थळी इतक्या लवकर आजवर कधीच पोचले नव्हते.

हसण्यावारी न्यावं असं हे प्रकरण नाही, कारण इथून पुढे कायदा सुरू होतो. १ जुलै २०२४पासून जुना पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष अधिनियम आला. त्याच्या कलम ६३प्रमाणे चित्रीकरण कोर्टात चालायचं तर सोबत प्रमाणपत्र लागतं. यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने लिहून द्यायचं, की त्या काळात यंत्र नीट चालत होतं. म्हणजे ज्या शेठने ते यंत्र आजवर फक्त ओवाळलं, त्याने त्याच्या प्रकृतीची हमी द्यायची. शिवाय चित्रफितीत कुणी हात घातला नाही हे दाखवायला तिचा हॅश काढतात आणि तो प्रमाणपत्रात लिहितात. चांगली चौसष्ट अक्षरं-आकड्यांची माळ. शेठ ती चष्म्यातून अर्ध्यापर्यंत वाचतात आणि विचारतात, "साहेब, हा कुठल्या देवाचा मंत्र?" तिकडे पंचनाम्यात लिहिलं जात असतं, की यंत्रातील वेळ व प्रत्यक्ष वेळ यात इतक्या तासांची व इतक्या मिनिटांची तफावत दिसून येत आहे. कोर्टात पुढे सगळा खटला या तफावतीभोवती फिरतो. चोर राहतो बाजूला, घड्याळाची उलटतपासणी होते.

साक्ष अधिनियमाबरोबर त्याच दिवशी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही सक्तीचं केलंय. हेतू उत्तम. पण झडतीला पंच म्हणून जे दोघे बोलावले जातात, त्यांना कॅमेरा सुरू आहे हे कळल्यापासून त्यांचं झडतीत लक्ष लागत नाही. एक जण भांग नीट करतो. दुसरा, समोर मिळालेली सुरी-बिरी सोडून, थेट भिंगाकडे बघत ताठ उभा राहतो. लग्नाच्या चित्रीकरणात त्याला तसंच शिकवलेलं असतं.

आता आमच्या हवामानाविषयी दोन शब्द. हे कॅमेरे बनवणाऱ्यांनी पाऊस बघितला असेल. महाडचा बघितलेला नसावा. चार महिने भिंगावर थेंब बसलेला असतो आणि त्या थेंबातून सगळी बाजारपेठ उलटी दिसते. रात्री कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकतो, त्यावर किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो आणि भिंगासमोरच जाळं विणतो. जाळं वाऱ्याने हललं की कॅमेरा 'हालचाल आढळली' असा इशारा देतो. पहाटेपर्यंत असे शेकडो इशारे जातात. खराखुरा चोर आला तर तो कोळ्याच्या पायांमधून, धूसरसा, एकदा दिसतो. वानरांचं तर बोलायलाच नको. केबल ही त्यांना झोके घ्यायलाच बांधली आहे असा त्यांचा समज आहे, आणि अजून तरी त्यांच्यावर सरकारी मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा दाखल झाल्याचं ऐकिवात नाही.

या सगळ्याआधी काय होतं? पोलीस पाटील होता. अजूनही आहे. १९६७चा महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम उघडून बघा: गावातल्या शांततेवर परिणाम होईल अशी माहिती गोळा करायची आणि ठाण्याला कळवायची, हे त्याचं काम. सिमकार्ड नाही, चार्जिंग नाही. मानधन असतं, तेही कधी वेळेवर तर कधी रेंज येईल तसं. पूर्वी पाटील घाट उतरून ठाण्यात जायचा आणि साहेबांच्या कानाशी लागायचा. आता पाटलांचा व्हॉट्सअ‍ॅप गट असतो. त्यावर सकाळी साडेसहापासून गुलाबाची फुलं, सूर्योदय आणि सुविचार येतात आणि त्या फुलांच्या ढिगाखाली 'आमचे गावी अनोळखी इसम फिरत आहे' हा एक निरोप दुपारपर्यंत दबून राहतो. दुपारी बीट अंमलदार फोन करतो. "पाटील, तो इसम कोण?" पाटील म्हणतात, "आता अनोळखी नाय ऱ्हायला. आमच्या मेव्हण्याचा साडू निघाला. जेवून गेला."

पोलिसांनी महाडवर डोळा ठेवण्याचा इतिहास त्याहून जुना आहे, आणि तो बारकाईने बघण्यासारखा आहे. २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरली, मनुस्मृतीचं दहन झालं. ब्रिटिश सरकारचे गुप्त पोलीस त्या काळी अशा सभांना हजर असत. कोण बोललं, काय बोललं, किती जमले, टाळ्या कुठे पडल्या, सगळं वर कळवत. हेतू चांगला होता असं कुणीच म्हणणार नाही. पण गंमत पुढेच आहे. महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये बाबासाहेबांच्या चळवळीच्या साधनांचा जो इंग्रजी ग्रंथ काढला, त्यातला बराच भाग पोलिसांच्या या गुप्त कागदांवरच उभा आहे. ज्यांना दाबायचं म्हणून लिहून घेतलं, त्यांचा इतिहास त्याच लिखाणाने जपला. तो बिचारा हवालदार पागोटं सांभाळत शेवटच्या रांगेत बसून प्रत्येक भाषण अखेरपर्यंत ऐकत होता. आजकाल कार्यक्रमाचे आयोजकसुद्धा अखेरपर्यंत ऐकत नाहीत.

आज २० मार्चला चवदार तळ्यावर लाखो लोक येतात, बंदोबस्त असतो, कॅमेरे असतात, डोक्यावर ड्रोन घोंघावतो. दृश्य त्या हवालदाराच्या वहीपेक्षा हजारपट स्पष्ट असेल. पण हे यंत्र दोन-चार आठवड्यांत जागा संपली की स्वतःच्याच आठवणीवरून बोळा फिरवून नवं लिहायला घेतं. शंभर वर्षांनी एखादा पीएच.डी.वाला महाडला आला आणि त्याने २०२६चं काही मागितलं, तर त्याला मिळेल ते एक वार्षिक देखभाल कंत्राट.

आठवणीचा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयालाही पडला होता, मात्र उलट्या बाजूने. २ डिसेंबर २०२०ला परमवीर सिंह सैनी खटल्यात न्यायालयाने सांगितलं, की देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावा: दारात, कोठडीत, व्हरांड्यात, साहेबांच्या खोलीत. अंधारात दिसणारे हवेत, आवाज टिपणारे हवेत, आणि चित्रण अठरा महिने जपलं पाहिजे. रस्त्यावरच्या माणसावर नजर ठेवताना ज्या यंत्राचं कौतुक थांबत नाही, तेच यंत्र आपल्या टेबलावर वळलं की त्यातल्या त्रुटी एकदम लक्षात येतात. वीज नसते. तंत्रज्ञ येत नाही. आवाजाची वायर उंदराने खाल्ली. एरवी वर्षभर चालणारा कॅमेरा ज्या रात्रीचं चित्रण कोर्ट मागतं नेमका त्याच रात्री आजारी असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये बंद पडलेल्या या कॅमेऱ्यांची न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. टॉवेल वाळत घालण्याची विद्या काही फक्त आमच्या आयांनाच अवगत आहे असं नाही.

आणि पळवाट शोधण्याची विद्या तर याच मातीतली. रायगडाचे दरवाजे तिन्हीसांजेला बंद झाले की पाखरू आत-बाहेर होत नसे अशी ख्याती, आणि पायथ्याची एक गवळण तान्ह्या बाळासाठी कडा उतरून घरी गेली, अशी कथा. कथेतल्या महाराजांनी तिचा सत्कार केला आणि जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधला. आज तिच्या उतरण्याचं चित्रीकरण आधी सगळ्यांच्या मोबाइलवर गेलं असतं, मग तिच्यावर गुन्हा, मग कड्याखाली एक फलक: 'आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात'. बुरूज मात्र निविदेत अडकला असता.

हे फलक आता तळीयेच्या वाटेवरही भेटतात. कॅमेऱ्यापेक्षा फलक स्वस्त, आणि त्याला पावसाचं पाणी बाधत नाही. पण तळीयेसारख्या गावात पोलिसांनी टिपावं असं घडतं तरी काय? एखादी बकरी हरवते. मुंबईकरांच्या दोन मंडळांत पालखी आधी कुणाच्या दारी यावरून बाचाबाची होते. एवढ्यावर कुठली प्रणाली पोट भरणार?

महाड-पोलादपूर या दोन तालुक्यांत ज्यांनी खरोखर माणसं मारली त्यांचे चेहरे कुठल्याच यंत्रात नोंदलेले नाहीत. जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी आल्या. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल दोन एसटी गाड्यांसह गेला. तेव्हा मागून येणाऱ्या गाड्या हात करून थांबवल्या त्या जवळच्या गॅरेजातल्या एका माणसाने, जो रात्री जागा होता आणि ज्याला समोरचे दिवे एकाएकी दिसेनासे झालेले कळले. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. म्हणजे मनावर घेतलं की जमतं. आणि २२ जुलै २०२१ला तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. महाड पाण्यात होतं, वीज गेलेली, फोन मुके. मदत पोचली ती दुसऱ्या दिवशी. त्यानंतर मात्र कॅमेरे आले. वाहिन्यांचे, मंत्र्यांसोबतचे, हवेतून फिरणारे. त्या आठवड्यात तळीयेवर जेवढ्या नजरा होत्या तेवढ्या महाराष्ट्रातल्या कुठल्याही चौकावर नसतील.

डोंगरावर नजर ठेवताच येत नाही असंही नाही. केरळात मुन्नारच्या उतारांवर अमृता विद्यापीठाने जमिनीच्या पोटातला पाण्याचा दाब आणि उताराची बारीक हालचाल मोजणारी यंत्रं पुरून ठेवली आहेत, आणि ती २००९पासून बिनतारी खबर देत आहेत. पोलीस पाटलाचंच काम, फक्त मातीखाली बसून. अडचण एकच आहे. गाडीवर नजर ठेवली की चलन फाडता येतं. माणसावर ठेवली की पकडता येतं, निदान पकडल्याचा फोटो तरी काढता येतो. डोंगराला चलन पाठवता येत नाही. पाठवलं तरी तो लोक अदालतीत येऊन तडजोड करणार नाही.

आमच्याकडच्या एका गावात (नाव सांगितलं तर पुढच्या गणपतीत मला आरतीला उभं करणार नाहीत) वित्त आयोगाच्या पैशातून एक कॅमेरा मंजूर झाला आणि तो कुठे लावायचा यावर ग्रामसभा बसली. सरपंचांच्या मते विरोधकांच्या आळीच्या तोंडाला. विरोधकांच्या मते सरपंचांच्या दाराशी. महिला बचत गटाने एकमुखाने दारूच्या गुत्त्याचं नाव घेतलं, तेव्हा मागच्या दोन रांगांतले पुरुष विडी ओढायला म्हणून जे उठले ते परत आले नाहीत. पुजाऱ्याने दानपेटी सुचवली, तर पोरं म्हणाली मग पेटी उघडतानाचंही दिसायला पाहिजे, आणि पुजाऱ्याने सूचना मागे घेतली. शेवटी सर्वानुमते ठरलं, की कॅमेरा ग्रामपंचायत कार्यालयाच्या दारावर लावावा. ते दार बहुतेक वेळ बंदच असतं, तेव्हा कुणाचीच हरकत नव्हती.

ठराव लिहिला जात असताना कोपऱ्यातले एक म्हातारबाबा उठले. "भाऊसायेब, त्याचं त्वांड जरा वर डोंगराकडं करा की. पावसाळ्यात कुनीतरी बगंल तरी."

ग्रामसेवक लिहायचे थांबले. "बाबा, अंदाजपत्रकात सार्वजनिक मालमत्तेचं संरक्षण असं लिहिलंय. डोंगर आपला नाही, वनखात्याचा आहे. त्यांचा ना-हरकत दाखला आणावा लागेल."

"आन् त्यो खाली आला मंजे कुनाचा?"

ग्रामसेवकांनी पेनाचं टोपण लावलं आणि जरा विचार केला.

"तेव्हा महसूलचा," ते म्हणाले, आणि सभेच्या चहाचा खर्च मंजुरीला घेतला.